ससा धरणारे कुत्रे की हाकेला येणारे?



या सदरातून आम्ही आजवर जातपडताळणी, शिष्यवृत्तीचे अर्ज, वसतिगृहाचे प्रवेश, घरातला जमाखर्च असे विषय मांडत आलो. आजचा विषय कुत्र्याचा आहे. हे काय भलतेच, असे काहींना वाटेल. पण शेवटपर्यंत वाचा. कुत्र्यावरून सुरू झालेली गोष्ट आमच्या एका तरुण पोराच्या नोकरीपर्यंत कशी येऊन ठेपली, ते समजेल.

गेल्या जूनमध्ये लातूर जिल्ह्यातील आमच्या मूळ गावी जाणे झाले. एस. टी. तून उतरून घरी पोहोचतो तो आमचा पुतण्या ओसरीवर एक पिल्लू मांडीवर घेऊन बसलेला. पाय लांबच लांब, कंबर बारीक, छाती खोल, तोंड निमुळते.

"कारवानी आहे काका, अस्सल. तीन महिन्यांचं आहे. वाऱ्या नाव ठेवलंय."

पुतण्या बारावी झालेला. पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे उठून सोळाशे मीटर पळतो, संध्याकाळी गोळा फेकतो. शेजारच्या गावच्या एका मेंढपाळाच्या कुत्रीचे हे पिल्लू त्याने मागून आणले होते. आमच्या वहिनींची तक्रार वेगळीच. "भाऊजी, आधीच याला भाकरी पुरत नाही, त्यात आता या लांबड्याला दूध कुठलं आणू?"

रात्री जेवणे झाल्यावर पुतण्याने विचारले, "काका, याला सशावर कधी सोडायचं? पोरं म्हणतात सहा महिन्यांत सोडलं पाहिजे, नाहीतर कुत्रं बोथट होतं."

आम्ही पडलो बी. कॉम. झालेले कारकून. कुत्र्यातले आम्हांला काय कळणार? पण माहीत नसलेल्या गोष्टीवर मत देऊ नये, आधी विचारावे, वाचावे, ही शिस्त आम्ही चळवळीत शिकलो. दुसऱ्या दिवशी त्या मेंढपाळ मामांना भेटलो. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना भेटलो. कायद्याचे पुस्तक उघडले. त्यातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट या कुत्र्याच्या जातीची. आपल्याकडे कारवानी म्हणतात, सीमेपलीकडे कर्नाटकात मुधोळ म्हणतात. मुधोळ हे बागलकोट जिल्ह्यातले गाव. तिथल्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली, म्हणून ते नाव पडले. आज तिथे जवळच तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे. टपाल खात्याने २००५ साली देशी कुत्र्यांची चार तिकिटे काढली, त्यात एक मुधोळचे होते. २०१६ साली मुधोळची पिल्ले लष्कराच्या मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी गेली. म्हणजे पुतण्याच्या मांडीवरचे पिल्लू तसे साधेसुधे नव्हते.

हे कुत्रे वासापेक्षा नजरेवर शिकार करते. लांबवर काही हलले की याचे डोळे तिकडे लागतात, आणि मग पाय सुटतात. निसर्गाने आणि माणसाने मिळून त्याला पळण्यासाठीच घडवले आहे. त्यामुळे सशामागे पळायला त्याला कोणी शिकवावे लागत नाही. "पळणं त्याच्या रक्तात असतं," मेंढपाळ मामा म्हणाले. "शिकवायचं असतं ते परत येणं." मामांचे हे एक वाक्य आमच्या सगळ्या वाचनापेक्षा मोठे निघाले.

आता सशाचे. मराठीत आपण सगळ्यांनाच ससा म्हणतो, पण त्यांत दोन जाती वेगळ्या आहेत. आपल्या माळरानावरचा रानससा बीळ करीत नाही. गवतात, झुडपाच्या आडोशाला खळगा करून दिवसभर दडून बसतो आणि संध्याकाळनंतर चरायला निघतो. त्याची पिल्ले जन्मतःच अंगावर केस घेऊन, डोळे उघडे ठेवून येतात. पांढरे पाळीव ससे ज्या जातीतून आले ते युरोपातले ससे जमिनीत बिळे करून टोळीने राहतात आणि त्यांची पिल्ले जन्मताना उघडी व आंधळी असतात. कुत्र्याच्या शिकारीच्या गप्पा ऐकताना आणि मोबाईलवर परदेशातली चित्रे पाहताना आपली पोरे इथेच फसतात. तिकडच्या चित्रात जो पळतो तो बिळातला ससा असतो.

इंग्लंडमध्ये हा बिळातला ससा शेतीचा शत्रू मानला जातो. गहू, भाजी, नवी लावलेली झाडे यांचे तो नुकसान करतो. १९५३ मध्ये तिथे सशांचा एक रोग पोहोचला आणि बहुतेक ससे मेले, पण काही वर्षांत ते पुन्हा वाढू लागले. तिथे ग्रेहाउंडसारख्या पळणाऱ्या कुत्र्याचा मेंढ्या राखणाऱ्या किंवा बिळात शिरणाऱ्या कुत्र्याशी संकर करून लर्चर नावाचे कुत्रे करतात. पळण्याला अक्कल जोडावी हा त्यातला हेतू. इंग्लंड-वेल्समध्ये २००४ साली शिकारीचा कायदा झाला, तो फेब्रुवारी २००५ पासून लागू आहे. त्याने रानसशामागे कुत्री सोडणे बंद झाले, त्यांच्या शर्यतीही बंद झाल्या. बिळातल्या सशाला मात्र सूट राहिली, तीही जमिनीच्या मालकाची परवानगी असेल तरच.

ज्या देशात हे काम कायद्याने चालते, तिथले जाणते लोक कुत्रे कसे तयार करतात, हे पाहण्यासारखे आहे. पहिले वर्षभर ते कुत्र्याला खऱ्या सशामागे जोरात पळवीत नाहीत. पिल्लाला आधी नाव कळले पाहिजे, हाकेला आले पाहिजे, बस म्हटले की बसले पाहिजे. मग सशाचे कातडे गुंडाळलेली एक गुंडी फेकून ती तोंडात धरून हातात आणून द्यायला शिकवतात. मेंढ्यांच्या कळपातून दोरीवर फिरवतात. मेंढीकडे मान वळवली तर तिथेच अडवतात, कारण मेंढीमागे लागणारे कुत्रे तिकडे शेतकरी गोळी घालून मारू शकतो. कुंपणावरून उडी मारायला शिकवतात, पण बुटक्या अडथळ्यापासून सुरुवात करून.

हाडे भरल्यावर, वर्षभराने, पहिला ससा. तोही असा निवडायचा की तो बिळापासून दूर आला आहे आणि कुत्र्याला धरता येईल. एकामागून एक ससे हुकले तर कोवळे कुत्रे खचते, किंवा पळता पळता भुंकायला लागते, आणि ती खोड मग जात नाही. रात्री दिव्याच्या झोतात ससा दबून बसतो, तेव्हाही कुत्रे दोरीवर शांत उभे राहिले पाहिजे. दोन-तीन वेळा सोडून, उत्साह शिल्लक असतानाच घरी परत. थोडक्यात, शंभर दिवस थांबणे आणि एक दिवस पळणे.

पुतण्याला आम्ही हे सांगितले. तो खूश झाला. म्हणाला, "मग आपणही वर्षभर थांबू. पुढच्या उन्हाळ्यात सोडू."

आम्ही म्हणालो, "बाळा, आता कायदा ऐक."

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे. माळावरचा ससा त्याच्या संरक्षित यादीत येतो. कलम ९ शिकारीला बंदी करते. आणि शिकार म्हणजे नुसते मारणे, असे समजू नका. त्या कायद्याच्या व्याख्येत पकडणे, फासे लावणे, हाकून नेणे, कुत्री मागे सोडून पळवणे आणि या सगळ्यांचा प्रयत्न करणे, हे सर्व शिकारीतच धरले आहे. ससा सुटला, कुत्रे रिकाम्या तोंडाने परत आले, तरी गुन्हा होतो. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ती एप्रिल २०२३ पासून लागू झाली. अशा गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. शिकारीला वापरलेली गाडीही सरकारजमा होऊ शकते. कोणी म्हणेल, रानातला नको, बाजारातला पांढरा ससा आणून त्याच्यावर सोडू. तेही चालत नाही. करमणुकीसाठी एका प्राण्याला दुसऱ्याच्या तोंडी देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

पुतण्या म्हणाला, "काका, गावात सगळेच करतात. कोण पाहतं?"

इथे आमच्यातला कारकून जागा झाला. भरतीच्या पोरांचे अर्ज आम्ही कित्येक वर्षे भरून देत आहोत. निवड झाली की एक साक्षांकन नमुना येतो. त्यात स्पष्ट विचारलेले असते, तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे काय? खटला चालू आहे काय? खरे लिहिले तर नेमणूक अडते. खोटे लिहिले तर चारित्र्य पडताळणीत उघडे पडते, आणि मग नोकरी लागल्यानंतरही जाऊ शकते. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे असाच एक मुलगा आला होता. धावण्यात पहिला, लेखी परीक्षेत चांगले गुण. मित्रांबरोबर एका रात्री सशाला गेला, कोणीतरी फोटो काढला, तो मोबाईलवरून गावभर फिरला आणि वनखात्यापर्यंत पोहोचला. गाडी ज्याची होती, कुत्रे ज्याचे होते, त्यांनी वकील लावले. या पोराच्या हातात ससा होता आणि घरी विधवा आई होती. त्याचा अर्ज आम्ही स्वतःच्या हाताने लिहिला आहे. तो कागद अजून डोळ्यांपुढून जात नाही.

हे ऐकल्यावर आमचे पोर गप्प झाले. मग आम्ही त्याला त्याच्या पणजोबांची गोष्ट सांगितली. आमचे आजोबा सांगत, निजामाच्या राज्यात वाड्यावरची मंडळी शिकारीला निघाली की आपल्या वस्तीतली माणसे हाकारे म्हणून न्यावयाची. झुडपे बडवायची, ओरडायचे, ससा उठवायचा. मजुरी नाही. आजोबा म्हणत, "कुत्री वाड्याची, ससा वाड्याचा, काटे तेवढे आपल्या पायात." आणि पोटासाठी रानात फासे लावणाऱ्या पारध्यांना मात्र इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ साली गेला, पण शिक्का अजून पुरता पुसला गेलेला नाही. राजाने केली की ती शिकार, गरिबाने केली की तो गुन्हा, असा तो न्याय होता. आज कायदा सर्वांना सारखा लिहिलेला आहे. पण गुन्हा दाखल झाल्यावर त्यातून बाहेर पडण्याची ताकद सर्वांची सारखी नाही. म्हणून आपल्या पोरांनी दुप्पट सांभाळून राहिले पाहिजे.

आणि एक गोष्ट आपण विहारात दर रविवारी म्हणतो. पाणातिपाता वेरमणी. जीवहिंसेपासून दूर राहण्याचे हे पहिले शील. इंग्लंडचा शेतकरी पिकासाठी ससा मारतो, त्याचे गणित तो पाहील. आपल्या पोराला ना पीक राखायचे होते, ना पोट भरायचे होते. फक्त मित्रांत मिरवायचे होते. दोन-तीन किलोचा एक भित्रा जीव त्यासाठी घ्यायचा, हे कोणत्या हिशोबात बसते?

"मग काय याला दाव्याला बांधून ठेवू?" पुतण्याने रागाने विचारले.

त्याचा राग योग्य होता. कारवानीला दाव्याला बांधून ठेवणे ही सुद्धा हिंसाच. ज्याला निसर्गाने पळायला पाय दिले त्याला रोज पळायला मिळालेच पाहिजे. तेव्हा डॉक्टरांच्या आणि मेंढपाळ मामांच्या सल्ल्याने आम्ही तिघांनी मिळून वाऱ्याचे वेळापत्रक केले. ज्यांच्या घरी असे पिल्लू असेल त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून देत आहोत.

पहिले म्हणजे लसी. पिल्लांच्या हगवणीच्या साथीची लस दोन महिन्यांच्या आत-बाहेर सुरू करून ठरल्या अंतराने पुन्हा द्यायची. पिसाळीची लस तीन महिन्यांना, मग डॉक्टर सांगतील तेव्हा, आणि पुढे दरवर्षी. घरात लहान मुले असतात, यात हयगय नको.

दुसरे, हाक. जेवण देताना रोज एकच शिट्टी वाजवायची. शिट्टी म्हणजे भाकरी, हे डोक्यात पक्के बसले पाहिजे. मग अंगणात, मग माळावर, पण तिथे वीस-पंचवीस फुटांचा कासरा पट्ट्याला बांधून. शिट्टी वाजली, आले, तुकडा मिळाला, पुन्हा मोकळे. बोलावून दर वेळी बांधायला लागलो तर कुत्रे यायचेच बंद होते. आणि उशिरा आले म्हणून कधीही मारायचे नाही. कुत्र्याला वाटते, आलो म्हणून मार बसला.

तिसरे, गावातून फेरी. शेळ्या, कोंबड्या, वासरे यांच्यामधून कासऱ्यावर फिरवायचे आणि त्यांच्याकडे पाहून न पाहिल्यासारखे करायला शिकवायचे. गावात शेळी धरली की भांडण कुत्र्याचे राहत नाही, वस्तीचे होते.

चौथे, चिंधी. दोरीला जुन्या लुगड्याची चिंधी बांधून ओढायची. सुरुवातीला दोन-तीन मिनिटे, सरळ रेषेत. कोवळ्या हाडांना एकदम वळण मारायला लावायचे नाही. शेवटी चिंधी धरू द्यायची, नाहीतर त्याचा रस जातो. हिसकावून घ्यायची नाही, भाकरीच्या बदल्यात घ्यायची. वर्षाचे होईपर्यंत जोराची दौड नाही. परदेशात आता दोरीला पिशवी बांधून यंत्राने ओढतात आणि त्यामागे कुत्र्यांच्या शर्यती लावतात. जीव कोणाचा जात नाही.

पाचवे, जागा आणि वेळ. दौड सकाळी गारव्यात. या कुत्र्याची छाती खोल असते, पोटभर खाल्ल्यावर पळवले तर पोटाला पीळ पडण्याचा धोका असतो. अंगावर चरबी नाही, कातडी पातळ, तेव्हा तारेचे कुंपण आणि बाभळीचे फास पाहून घ्यायचे. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, कठडा नसलेल्या विहिरी. नजर समोर लागलेल्या कुत्र्याला पायाखालची विहीर दिसत नाही.

बाकी मार देऊन शिकवण्याबद्दल एकच सांगतो. जातककथांत नंदिविसाल बैलाची कथा आहे. मालकाने शंभर गाड्या ओढण्याची पैज लावली आणि ऐनवेळी बैलाला वाईट शब्द वापरला. बैल जागचा हलला नाही, मालक हजार नाणी हरला. पुढच्या वेळी गोड शब्दाने हाक मारली, बैलाने गाड्या ओढल्या आणि दोन हजार मिळाले. कुत्र्याच्या बाबतीतही, आणि आपल्या पोरांच्या बाबतीतही, हाच हिशोब लागू आहे.

फेब्रुवारीत आम्ही पुन्हा गावी गेलो. वाऱ्या अकरा महिन्यांचा झाला होता. ज्वारी काढून झाली होती. सकाळी पुतण्याबरोबर रानात गेलो. कासरा सोडलेला होता. धसकटातून चालताना अगदी पुढ्यातून एक ससा उठला. आमच्या तोंडून शब्द निघायच्या आत वाऱ्या सुटला. पुतण्याने शिट्टी वाजवली. कुत्रे थांबले नाही. दुसरी शिट्टी. तरी नाही. ससा दोनदा झुकांड्या देऊन बांधावरच्या झुडपांत दिसेनासा झाला. वाऱ्या तिथे उभा राहिला, इकडे-तिकडे पाहू लागला. तिसरी शिट्टी झाली, आणि तो मान खाली घालून, धापा टाकीत आमच्याकडे येऊ लागला.

पुतण्याचा चेहरा लाल झाला होता. हातात कासरा होता, त्याची गुंडाळी त्याने उगारायला घेतली होती, ते आम्ही पाहिले. आम्ही काही बोललो नाही. कुत्रे जवळ आले. पोराने हात खाली घेतला, खिशातून भाकरीचा तुकडा काढला आणि त्याच्यापुढे धरला.

"आला ना परत," तो म्हणाला. "पुढच्या वेळी दुसऱ्या शिट्टीला येईल. तोवर कासरा काढायचा नाही, चूक माझीच."

त्या दिवशी आमची खात्री पटली की आठ महिन्यांत नुसते कुत्रेच शिकले नव्हते. उद्या हाच मुलगा अंगावर वर्दी घालील, हातात काठी येईल, समोर कोणीतरी चुकलेला गरीब उभा असेल. त्या वेळी उगारलेला हात खाली घेण्याची सवय त्याच्या उपयोगी पडेल, अशी आम्हांला आशा आहे.

भरतीचा अर्ज त्याने भरला आहे. गुन्ह्याच्या रकान्यात 'नाही' असे त्याने स्वतःच्या हाताने, खरे लिहिले आहे. वहिनी आता वाऱ्याला स्वतःच दूध घालतात.

ज्या घरात पळणारे पोर आणि पळणारे कुत्रे असेल, त्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी हा लेख मोठ्याने वाचून दाखवावा, ही विनंती.

जयभीम.